चाळीस हजार शत्रू आणि एक बसवण्णा

माझ्या हाताखाली एकेकाळी चाळीस हजार माणसं होती. त्यातल्या एकालाही जेवायला घालावं लागत नव्हतं, एकानंही कधी रजा मागितली नाही, आणि सांगितल्या क्षणी सगळे मरायचे. एवढा सुखी सेनापती कुणी झाला नसेल. प्रत्यक्षात मी बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एसीचा वारा लागू नये म्हणून अंगभर शाल गुंडाळून संगणकापुढे बसणारी बाई होते. युद्धपटांना सैन्य पुरवणं हा माझा धंदा. वीस वर्षं केला. गेल्या वर्षी उजव्या मनगटानं संप पुकारला तेव्हा शस्त्रं खाली ठेवली.

"म्हणजे नक्की काय करता?" हा प्रश्न मला जे. पी. नगरातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला विचारला गेला आहे. तेव्हा एकदाच नीट सांगते. पडद्यावर तुम्ही डोंगरापासून नदीपर्यंत पसरलेली फौज बघता ना, त्यातली पुढच्या दोन रांगांतली माणसं खरी असतात. ती शूटिंगच्या गावातून गोळा केलेली असतात, त्यांच्या हातात रबरी भाले असतात आणि त्यांचं अर्धं लक्ष जेवणाच्या गाडीकडे असतं. तिसऱ्या रांगेपासून माझी माणसं सुरू होतात. एका खऱ्या माणसाला काळा घट्ट पोशाख घालायचा, त्यावर चाळीसेक चकचकीत गोळ्या चिकटवायच्या, आणि खोलीभर लावलेल्या कॅमेऱ्यांसमोर त्याला चालायला, धावायला, वार करायला, पडायला लावायचं. कॅमेरे माणूस टिपत नाहीत, फक्त गोळ्यांची हालचाल टिपतात. मग त्या हालचालीचे तुकडे करायचे, संगणकातल्या सैनिकांना वाटायचे आणि प्रत्येकाला थोडी अक्कल द्यायची. समोर कुणी आलं तर वळ, चढ लागला तर हळू हो, भाला लागला तर पड.

ही थोडी अक्कल फार घात करते. एका सिनेमात दोन सैनिकांमधलं किमान अंतर मी चुकून शून्य ठेवलं. दोन्ही फौजा प्रचंड वेगानं एकमेकींवर धावून गेल्या आणि कडकडून मिठ्या मारून उभ्या राहिल्या. एकदा नदीच्या नकाशाला भोक राहिलं, तर अख्खं घोडदळ शिस्तीत एकेक करून पाताळात गेलं. एका लढाईत मेलेली माणसं दर सहा सेकंदांनी उठून कपडे झटकल्यासारखं करून पुन्हा मरत होती. आणि एक पळपुटा होता. चढाईचा हुकूम झाला की सगळे उजवीकडे धावायचे आणि हा एकटा डावीकडे. कारण आम्हाला कधीच सापडलं नाही. माझ्या टीममधला पुण्याचा मिहीर तर त्याच्या प्रेमातच पडला होता. "मॅम, प्लीज त्याला डिलीट नका करू ना, ही इज द ओन्ली सेन्सिबल पर्सन," असं तो कळवळून सांगायचा. आम्ही त्याला एका झाडामागे लपवला. तो अजून त्या सिनेमात आहे.

हे झालं सैन्य. पण युद्धपट सैन्यावर चालत नाही, "आपले" आणि "ते" यांच्यावर चालतो, आणि ती वाटणी आमच्याच टेबलावर व्हायची. आपली फौज सरळ रांगेत चालते, त्यांची वाकडी. आपल्याला केशरी ऊन, त्यांच्यावर काळे ढग. एकाच मैदानावर, एकाच दुपारी! आपल्यातला एक मेला की बासरी वाजते, त्यांच्यातले चारशे मेले की ढोल. आणि त्यांची संख्या दर बैठकीला वाढते. ज्या सिनेमाची ही गोष्ट आहे, त्याच्या पटकथेत शत्रू पाच हजार होते. पहिल्या बैठकीत दिग्दर्शक म्हणाले, "मॅडम, थोडे और." दहा केले. "और." वीस केले. शेवटी चाळीस हजारांवर क्षितिज संपलं. मी विचारलं, "सर, एवढे लोक सकाळी उठून नदीवर जातील तेव्हा नदीचं काय होईल?" दिग्दर्शक गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वो दिखाना नहीं है." इकडे आपले मात्र आठशेचे तीनशे झाले होते.

खोटं कशाला बोलू, मला हे सगळं मनापासून आवडायचं. रात्रंदिवस आकडे आणि तक्ते बघणाऱ्या मलासुद्धा शेवटचं चित्र तयार होऊन आलं, ढोल सुरू झाले आणि चाळीस हजार माणसं टेकडीवरून उतरायला लागली की अंगावर काटा यायचा. मीच बनवलेल्या शत्रूचा मलाच राग यायचा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या भाषेतल्या निर्मात्याचं काम येई, त्यात आधीचे शत्रू आता नायक असत, आणि आम्ही तेच सैनिक पगड्या बदलून पाठवत असू. मग मी त्यांच्या बाजूनं तितकीच पेटून उठायचे. मी मूळची निपाणीची. सीमाभागातल्या माणसाला "तुम्ही नक्की कुणाचे" असं विचारलं, की तो आधी चहा सांगतो. या धंद्यात मला ती सवय फार उपयोगी पडली.

चहावरून बसवण्णाकडे येते. बसवण्णा आमच्या ऑफिसची पँट्री सांभाळायचा. पन्नाशीचा, अथणीकडचा, खांद्यानं रुंद आणि चालताना पाय असा टाकणारा की कपातला चहा हलत नसे. आमच्याकडे मरणाची टंचाई झाली होती. भाड्यानं आणलेली स्टंटची माणसं सिनेमातल्यासारखी मरायची, म्हणजे आधी तीनदा गिरक्या घेऊन. त्या दिवशी मिहीरनं स्वतःच गोळ्यांचा पोशाख घातला होता आणि तो गादीवर पडण्याचा सराव करत होता. बसवण्णा चहा घेऊन आला, दारात थांबला आणि हसायला लागला.

"अक्का, असं कोण मरतंय ओ?" तो मला म्हणाला. "हे तर झोपालेत."

"मग तू दाखव मरून," मी चिडून म्हणाले.

त्यानं कप खाली ठेवले. गादीजवळ आला, वाकला, जमिनीला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि मग मेला. भाला पोटात लागल्यासारखा मेला. उठला, पुन्हा जमिनीला हात लावला, आणि मागून बाण लागल्यासारखा मेला. तिसऱ्यांदा लगेच मेलाच नाही, आधी आश्चर्यानं आपल्या छातीकडे बघितलं, आणि तिथे मिहीरच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात त्यानं अठरा तऱ्हांनी मरून दाखवलं. मग म्हणाला, "बरं अक्का, चहा गार झाला, दुसरा आणतो."

तो बयलाटात काम करायचा. आमच्या सीमाभागात गावोगावी जत्रेत हे उघड्यावरचं नाटक होतं: डोक्यावर हातभर उंच मुकुट, खांद्यांवर भुजकीर्तीचे दागिने, पायात चाळ, आणि फळ्यांचं स्टेज हादरेल असा नाच. बसवण्णा राक्षस व्हायचा. गुरू निंगप्पा मास्तर. त्यांच्या पार्टीची एक रीत होती. खेळ सुरू होण्याआधी मास्तर पडद्यापुढे उभे राहून आपल्या सगळ्या शिष्यांची नावं घेतात. जे आहेत ते आतून ओ देतात. जे नाहीत त्यांच्यासाठी मास्तर क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. बसवण्णा पार्टी सोडून बेंगळूरला आला त्या वर्षी मास्तरांनी त्याचं नाव वगळलं. "कप धुवायला चाललास? जा," एवढंच म्हणाले होते.

"मेलेल्यांची पण नावं घेतात मास्तर," बसवण्णानं मला सांगितलं. "माझं घेत नाहीत."

म्हणून त्याला हा सिनेमा हवा होता. मास्तरांची नात बेंगळूरला राहायची आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते तिच्याकडे येणार होते. पट्टी निघाली की त्यांना सिनेमाला न्यायचं आणि दाखवायचं की बसवण्णानं खेळ सोडलेला नाही. "अक्का, मी दिसेन न्हवं?" तो रोज चहाबरोबर विचारायचा. चेहरा तर त्याचा नसणार होता, कारण संगणकातल्या सैनिकाला आम्ही दुसरेच चेहरे चिकटवायचो. पण चाल त्याची, वार त्याचे, मरण त्याचं. "दिसशील," मी सांगितलं. "मास्तरांना कळेल. माझा शब्द."

मग आम्ही त्याला दोन आठवडे टिपला. तो तीनशे आपल्यांसाठी लढला आणि चाळीस हजार त्यांच्यासाठी लढला. बाकीची माणसं तुकडा संपला की मोबाइल बघायची; हा दर वेळी आखलेल्या चौकोनाबाहेर जायचा, परत यायचा, जमिनीला हात लावायचा आणि मगच सुरू करायचा. टिपलेल्या हालचालीतून तो नमस्कार कापून टाकणं हे माझं रोजचं काम होतं. भाजीचे देठ काढावेत तसे मी नमस्कार काढत होते.

आणि एक राहिला.

शत्रू उभा आहे आणि हुकूम होताच धावत सुटतो, असा एक तुकडा हवा होता. उभा राहिलेला बसवण्णा मी नमस्काराच्या आधीचा घेतला, कारण तिथे तो छान ताठ होता. मधला नमस्कार नंतर कापू असं ठरवलं आणि विसरले. आमच्या कच्च्या चित्रात सैनिक म्हणजे काड्या दिसतात, आणि मी तपासताना फक्त धावणं बघितलं. चूक पूर्णपणे माझी.

पक्कं चित्र तयार झालं तेव्हा मोठ्या पडद्याच्या खोलीत दिग्दर्शक, निर्मात्याची माणसं आणि आम्ही मिळून पंधरा जण बसलो होतो. काळे ढग, ढोल, टेकडीवर चाळीस हजार शत्रू. त्यांच्या सरदारानं तलवार वर केली. आणि चाळीस हजार माणसं वाकली. सगळी एकदम नाही, कारण प्रत्येकाची सुरुवात आम्ही थोडी मागेपुढे ठेवतो. जोंधळ्याच्या रानावरून वारा जावा तशी ती टेकडी वाकत गेली, मातीला हात लावत गेली, हात डोळ्यांना लावत गेली, आणि मग धावली.

वीस वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम ते होतं आणि ते मी केलेलं नव्हतं.

"ये क्या किया?" दिग्दर्शक हळूच म्हणाले. "मॅडम, दुश्मन मिट्टी को नमस्कार करेगा? पब्लिक उनके साथ हो जाएगी!"

"सॉरी सर, चूक झाली. काढते."

"नहीं, नहीं. निकालो मत," ते उठून उभेच राहिले. "हमारे वालों को दे दो!"

आमच्या तक्त्यात प्रत्येक सैनिकापुढे एक रकाना असतो. त्यात एक आकडा लिहिला की तो आपला, दोन लिहिला की त्यांचा. मी जागेवर गेले, नमस्काराचा तुकडा एकच्या लोकांना दिला, दोनच्या लोकांचा कापला. चहा प्यायला जास्त वेळ लागतो. आणि मला आनंद झाला होता, अगदी नाचावंसं वाटत होतं. नोकरी वाचली होती, दिग्दर्शक खूश होते, आणि बसवण्णा नायकाच्या फौजेत, केशरी उन्हात, सिनेमाच्या सगळ्यात मोठ्या क्षणाला दिसणार होता! मी धावत पँट्रीत जाऊन त्याला सांगितलं. त्यानं हात जोडून कपाळाला लावले, हसला आणि मला साखर जास्त झालेली कॉफी दिली.

सिनेमा लागला. रविवारी सकाळच्या खेळाला जयनगरच्या थिएटरात आम्ही तिघं गेलो. मी, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला बसवण्णा, आणि मधे निंगप्पा मास्तर, काळा चष्मा लावलेले, ऐंशीचे, काठीसारखे सरळ. बसवण्णाशी ते अजून एक शब्दही बोलले नव्हते. ते माझ्याशी बोलत होते, हवापाण्याबद्दल.

थिएटर म्हणजे जत्रा झाली होती. शिट्ट्या, आरोळ्या, मागच्या रांगेत कुणी तरी आणलेला ताशा. तीनशे वीर वाकले, त्यांनी मातीला हात लावून डोळ्यांना लावला, आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मास्तर पुढे झुकले. चष्मा काढला. आणि त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली.

"बसू!" ते ओरडले. "ए, हा तर बसू की!"

बसवण्णानं माझा हात इतका घट्ट धरला की आधीच दुखणारं मनगट कळवळलं. मी सोडवला नाही.

मग लढाई लागली. मास्तर आता पडद्यावर बोट दाखवून मोजायला लागले. "हा पण बसू. तो बघ, बसू. पडला बघ, बसूच!" एकेक शत्रू पडला की लोक शिट्टी मारायचे आणि मास्तर टाळी वाजवून "भले रे बसू!" म्हणायचे. मला हसू आवरेना. पुढच्या रांगेतला एक माणूस शेवटी मागे वळला. "अज्जा," तो समजावत म्हणाला, "स्वल्प बघा, पडालेत ते शत्रू आहेत."

"असू दे की," मास्तर म्हणाले. "पोरगं आमचं आहे."

बाहेर आल्यावर आम्ही थिएटरच्या पायऱ्यांवर कॉफी घेतली. बसवण्णा त्यांच्यासमोर हात बांधून उभा होता. मास्तरांनी कॉफी संपवली, मग पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलले.

"मेलास छान. माझ्यापेक्षा छान."

बसवण्णा वाकायला लागला तर त्यांनी हातानं थांबवलं.

"पण तिकडून उतरलास तेव्हा नमस्कार का केला नाहीस? इकडून केलास, मी बघितला. तिकडून एकदाही नाही. देवाचं सोंग असो, राक्षसाचं असो, पाय ठेवायच्या आधी आपण काय करतो? राक्षस झालास म्हणून पायरी सोडलीस?" त्यांनी काठी पायरीवर आपटली. "नाव घ्यायचं ठरवून आलो होतो रे मी. आता कसं घेऊ?"

बसवण्णानं माझ्याकडे बघितलंही नाही. "चुकलं मास्तर," तो म्हणाला.

एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सकाळपासूनची सगळी मजा पायऱ्यांवर सांडून गेली. "त्यानं केला होता," मी म्हणाले. "दर वेळी केला होता. मी काढला."

"का?"

दिग्दर्शक, पब्लिक, तक्ता, रकाना, सगळं तोंडावर आलं होतं. "मला सांगितलं म्हणून," मी म्हणाले.

मास्तरांनी चष्मा लावला. "मला दाखव," ते म्हणाले.

आता मी कंपनीच्या नियमांत न बसणारी एकच गोष्ट केली, ती कशी केली ते विचारू नका. दोन आठवड्यांचा अख्खा बसवण्णा एका पेनड्राइव्हमध्ये मावला. पुढच्या रविवारी सकाळी जे. पी. नगरच्या आमच्या हॉलमध्ये मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. काळ्या पडद्यावर चाळीस पांढरे ठिपके, एवढंच. मुकुट नाही, तलवार नाही, चेहरा नाही. ठिपके चालत आले, वाकले, खाली टेकले, वर आले. मग मेले. पुन्हा आले, वाकले.

मास्तर एकेक तुकडा बघत होते. एकही सोडू देईनात. माझ्या नवऱ्यानं दोनदा चहा केला, त्यांनी हात लावला नाही. दर नमस्काराला ते फक्त "हं" म्हणायचे. बसवण्णा सोफ्यावर बसायला तयार नव्हता, तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि पडद्याकडे न बघता मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी विचारलं, "बाई, यातला आपला कुठला आणि शत्रू कुठला?"

मी बघितलं. मलाही सांगता येईना.

"अजून ठरायचं होतं, मास्तर," मी म्हणाले.

ते पुन्हा "हं" म्हणाले. शेवटचा तुकडा संपला, पडदा काळा झाला. मास्तर काठी टेकून उठले, आमच्या शोकेसकडे पाठ करून उभे राहिले आणि शिष्यांची नावं घ्यायला लागले. खणखणीत आवाज, शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचं मी ऐकलं. एकेका नावानंतर ते थांबत होते, कुणी ओ देत नव्हतं, ते पुढे जात होते. सात नावं झाली. मग ते म्हणाले, "बसवण्णा!"

बसवण्णाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मास्तर पुढे गेले नाहीत. त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी त्यानं ओ दिली, पण ती ऐंशी वर्षांच्या कानांना पुरेल एवढी नव्हती. मी रडत होते, माझा नवरा चहाचा ट्रे धरून तसाच उभा होता. "मोठ्यानं रे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तिसऱ्यांदा त्याचं नाव घेतलं.